सुतळीला बांधलेला साबण

"हात बघू."

प्रसूती वॉर्डाच्या दारात उभं राहून त्या एवढंच म्हणायच्या. समोरच्यानं दोन्ही हात पुढे करायचे, आधी तळवे दाखवायचे, मग हात उलटे करून नखं. बाळंतिणीची आई असो, सासू असो, नवरा असो, नाहीतर खुद्द आमचे डॉक्टर असोत, यातून कुणालाच सूट नव्हती. एकदा पणतू झालेले एक म्हातारबाबा आले. नवा पटका, पुढे केलेले हात, चेहऱ्यावर कौतुक. बाई हात तपासत होत्या तोवर त्यांना राहवलं नाही. "काय दिसतंय बाई? राजयोग हाय का न्हाई?"

"गोठा दिसतोय," बाई म्हणाल्या. "नळावर जावा."

बाबा हसत हसत नळावर गेले. सगळेच काही असे हसत जायचे नाहीत.

कृष्णाकाठी, जिथं सातारा जिल्हा संपून सांगली सुरू होतो, तिथल्या एका मोठ्या गावात ट्रस्टचा दवाखाना होता. नव्वदच्या दशकातले सुरुवातीचे दिवस. मी केसपेपर काढायच्या खिडकीत बसायचे आणि माझ्या खिडकीच्या अगदी समोर प्रसूती वॉर्डाचं दार होतं, त्यामुळे बाई दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असायच्या. स्टाफ त्यांना सिस्टर म्हणायचा, गाव शिष्टरबाई म्हणायचं, मी नुसतं बाई म्हणायचे. नाव इथं लिहीत नाही. हयातीत त्यांचं नाव कुणी घेतलं नाही, आता मी एकटीनं घेऊन काय होणार?

बुटक्या, सावळ्या, केस घट्ट बांधलेले, पांढऱ्या साडीला खांद्यावर पिन. हातात बांगडी नाही, अंगठी नाही. त्यांचे हात मात्र तुम्ही पाहिले असतेत तर गवंड्याचे म्हणाला असता. साबणानं आणि औषधी पाण्यानं कातडी सोलून निघालेली, थंडीत बोटांना चिरा. मूळच्या माण तालुक्यातल्या. वडील मुंबईला हमालीला, आई शेरडं राखायची. पाण्याला घागर घेऊन कोसभर जावं लागायचं. त्या म्हणायच्या, "आमच्यात एका तांब्यात तोंडबी धुवायचं आन् भांडीबी. पाण्याची किंमत मला इचार. ते मी हातावर वतायला लावती, म्हंजे उगंच न्हाई."

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. बाईंना जे माहीत होतं, ते दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांना त्याहून जास्त माहीत होतं. हातांवरून जंतू पसरतात, ओल्या नाळेतून शिरतात, चार दिवसांचं बाळ त्यांच्याशी लढू शकत नाही, हे काही गुपित नव्हतं. फरक एवढाच की इतरांना ते माहीत होतं आणि बाई ते रोज करायच्या. कंटाळा न करता, समोर कोण आहे ते न बघता. आमचे डॉक्टर भला माणूस, पण कायम घाईत. गळवाचं ड्रेसिंग सोडून तसेच बाळंतिणीकडे निघाले की बाई दारात आडव्या व्हायच्या. "साहेब, हात." साहेब म्हणायचे, "अहो आत्ताच धुतले." "आत्ताचे ते आत्ता गेले," बाई म्हणायच्या. साहेब कपाळाला हात लावायचे, मग तोच हात पुन्हा धुवायला लागायचा.

त्या काळी रबरी हातमोजे एकदा वापरून टाकून द्यायची चैन नव्हती. धुवायचे, वाळवायचे, पावडर लावून पुन्हा वाफेच्या डब्यात घालायचे. मागच्या व्हरांड्यात दोरीवर हातमोजे वाळत असायचे, वाऱ्यानं हलले की कुणीतरी निरोप देतंय असं वाटायचं. बाई त्यातला एकेक हातमोजा फुगवून कानाशी धरायच्या. बारीक फुसफुस ऐकू आली की तो फाडून टाकायच्या. फाडायच्या यासाठी की दुसरं कुणी तो काटकसर म्हणून परत वापरू नये.

आता साबणाची गोष्ट. वॉर्डाच्या दाराशी नळ होता, नळावर लाल साबण ठेवलेला असायचा आणि तो रोज नाहीसा व्हायचा. ऑफिसनं आयांवर संशय घेतला, एकीची पिशवीसुद्धा उलटी केली. बाईंनी तो अपमान मनाला लावून घेतला आणि दुपारी जेवण सोडून नळावर पाळत ठेवली. चोर निघाला कावळा. कडुनिंबाच्या झाडाखाली कुरतडलेले लाल तुकडे सापडले. बाईंनी स्वेटर विणायची सुई तापवून नव्या साबणाला आरपार भोक पाडलं, सुतळी ओवली आणि साबण नळाला बांधून टाकला. मग ऑफिसात जाऊन म्हणाल्या, "चोर सापडला. आता त्या पोरीची माफी मागा." हेडक्लार्कनं माफी मागितली. बाई तिथून हलतच नव्हत्या, म्हणून मागितली.

त्या कठोर होत्या, हे मी लपवणार नाही. एक जवान सीमेवरून आठवड्याच्या सुट्टीवर आला होता, सिझर होऊन पहिलीच मुलगी झालेली. त्याला प्रवासात ताप आणि खोकला लागलेला. बाईंनी त्याला आत घेतलं नाही. त्यानं विनवलं, रजेचा कागद दाखवला, त्याची आई तर बाईंना शिव्या देत बसली. बाई रोज सकाळी मुलीला खिडकीच्या काचेपाशी आणून धरायच्या आणि तो पलीकडे उभा राहून बघायचा. रजा संपली तरी खोकला संपला नव्हता. जायच्या दिवशी त्यानं काचेतून बघत कडक सॅल्यूट ठोकला. मुलीला की बाईंना, ते मला कळलं नाही. बाई त्या दिवशी चिरा पडलेल्या बोटांना खोबरेल चोळत बसल्या होत्या.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील गावोगाव पत्रकं वाटायचे, त्यांच्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं गिरवली. अन्याय दिसला की आमच्यात पहिल्यांदा कागद काढतात. मीही एक पत्रक लिहिलं होतं, बाळंतिणीच्या वॉर्डातल्या अंधश्रद्धांवर, अंगाऱ्यावर, नाळेला राख लावण्यावर, पाचवीच्या पूजेवर. छापून आल्यावर पहिली प्रत बाईंना दिली. त्यांनी उभ्या उभ्या सगळं वाचलं. म्हणाल्या, "चांगलं लिवलंयस. पण ह्ये वाचताना कुणाचे हात धुऊन निघत न्हाईत गं."

मला राग आला होता. पण पाचवीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथंच घडलं.

बाळ जन्मल्यापासून पाचव्या दिवशी दिवेलागणीला पाटा-वरवंटा मांडतात, खारीक-खोबरं, कणकेचे दिवे, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, असं आमच्याकडे मानतात. साधं बाळंतपण झालेल्या बायका तोवर घरी गेलेल्या असायच्या. सिझर झालेल्या वॉर्डातच असायच्या, म्हणून त्यांची पाचवी खाटेशेजारी व्हायची. घरच्या, गल्लीतल्या, माहेरच्या बायका यायच्या. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर.

एका उन्हाळ्यात, बाई सुट्टीवर असताना अशी एक पाचवी झाली. दारात उभ्या असलेल्या आयाबाईला बायकांनी बाजूला केलं. पूजा झाली, बाळाच्या बेंबीला अंगारा लावून झाला. मग त्यातल्या एका थोरल्या बाईला वाटलं, शेजारच्या खाटांवरची लेकरं का वगळायची? त्यांची आज पाचवी नसली म्हणून काय झालं, सटवाई आलीच आहे तर त्यांचंही भलं करून जाईल. ती त्याच बोटानं, त्याच ताटलीतला अंगारा शेजारच्या सगळ्या बाळांच्या बेंबीला लावत गेली. त्यांच्या आयांनी तिला नमस्कार केला.

पुढच्या दोन-तीन दिवसांत नाळा लाल झाल्या, पू आला. बाळं दूध ओढेनात. बाकीची सावरली. एका मुलीचं जास्त झालं म्हणून तिला जीपनं सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही. तिची आई रिकाम्या ओटीनं घरी जाताना त्या थोरल्या बाईबद्दल अवाक्षर बोलली नाही, तिला काही माहीतच नव्हतं.

मी पेटून उठले होते. बाईंनी मला गप्प केलं. म्हणाल्या, "वाईट न्हाईत गं त्या बायका. मायेनं मारलं त्यांनी. रागानं मारणाऱ्याला अडवायला पोलीस असतोय. मायेनं मारणाऱ्याला कोण अडवणार?"

त्या दिवसापासून बाईंनी सुट्टी घ्यायची बंद केली. आत एका वेळी एकच माणूस, तेही हात दाखवून. वॉर्डात पाचवी नाही. काय पूजायचं ते व्हरांड्यात पूजा, बाळ आतच राहील.

आणि मग ट्रस्टच्या अध्यक्षांच्या सुनेचं सिझर झालं.

अध्यक्ष म्हणजे गावातलं मोठं घर, नदीकाठी उसाची शेती, दोन भाऊ फौजेत. त्यांच्या पत्नीला सगळे आक्कासाहेब म्हणायचे. बऱ्याच वर्षांनी घरात नातू आला होता. त्याच वॉर्डात, कोपऱ्यात, माणची एक पोर होती, बाईंच्याच तालुक्यातली, नवरा मुंबईला. तिचं बाळ दिवस भरायच्या आधी झालेलं, ओंजळीत मावेल एवढं. काचेची पेटी आमच्याकडे नव्हती, म्हणून सुतारानं केलेल्या लाकडी खोक्यात बल्ब लावून त्याला ठेवलं होतं. आई वाटीत दूध काढायची आणि बाई चमच्यानं थेंब थेंब पाजायच्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, या बाळाला साधा जंतुसंसर्ग झाला तरी ते जाणार. बाई दिवसातून कितीदा तरी खोक्याशी वाकून बघायच्या, श्वास चालू आहे ना म्हणून.

पाचवीच्या संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बायका उतरल्या. ताटं, दिवे, नव्या साड्या. पुढे आक्कासाहेब. बाई दारात उभ्या होत्या. मी खिडकी बंद करायला उठले होते, ती तशीच उभी राहिले.

"बाजूला व्हा बाई," आक्कासाहेब म्हणाल्या, आवाज न चढवता. "मुहूर्त जाईल."

"हात बघू."

आक्कासाहेबांना आजवर असं कुणी म्हटलं नसणार. त्यांच्या जावेनं सुनावलं, "कुणाला बोलतीस, कळतंय का? तुझा पगार कुणाच्या घरातनं येतो?"

बाई जावेकडे बघतसुद्धा नव्हत्या. आक्कासाहेबांना म्हणाल्या, "तुमी एकट्या आत चला. नळावर साबण हाय. बाकीच्यांनी व्हरांड्यात पूजा मांडावी."

आक्कासाहेबांनी नळाकडे पाहिलं. सुतळीला लोंबणारा, झिजलेला लाल साबण. "त्या साबणाला कुणाकुणाचे हात लागलेत," त्या म्हणाल्या. झाडूवाली, माणची पोर, वाड्या-वस्त्यांवरच्या बायका, सगळ्या त्या एका वाक्यात होत्या. ते वाक्य आपल्या गावांतून मी शंभरदा ऐकलंय, विहिरीबद्दल, कपाबद्दल. साबणाबद्दल पहिल्यांदा ऐकलं.

"लागलेत," बाई म्हणाल्या. "साबणाला लागतात म्हणून बाळाला लागत न्हाईत."

"आणि सटवाई? तिलाही अडवणार?"

"तिला कशाला अडवू? ती एकटी येती, सगळे झोपल्यावर येती, लिवती आन् जाती. कडंवर घेत न्हाई, मुका घेत न्हाई, शेजारच्या लेकराला बोट लावत न्हाई. तुमचा नातू धडधाकट हाय आक्कासाहेब. त्यो निभंल. कोपऱ्यात एक हाय त्यो निभायचा न्हाई. तुमी मायेनं त्यालाबी अंगारा लावाल, मला म्हाईत हाय. म्हणून मी हलणार न्हाई."

आतून बाळ रडलं. कुणाचं, कोण जाणे. आक्कासाहेब वळल्या. व्हरांड्यात पाटा मांडला गेला. पूजा बाळाशिवाय झाली. आक्कासाहेब पूजेला बसल्या होत्या ती जागा वॉर्डाच्या खिडकीखाली होती, आणि उठताना त्यांनी काचेतून आत पाहिलं, हे मी पाहिलं. त्यांच्या नातवाचा पाळणा खिडकीजवळच होता. पण त्या बघत होत्या कोपऱ्यातल्या पिवळ्या उजेडाच्या खोक्याकडे.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा निरोप आला. माफी मागा नाहीतर जागा सोडा. डॉक्टर बाईंच्या बाजूनं बोलायला गेले होते. अध्यक्ष त्यांना म्हणाले, जंतूंचं तुमचं बरोबर असेल, हा प्रश्न मानाचा आहे. डॉक्टर परत आले ते मान खाली घालून.

बाई म्हणाल्या, "माफी कशाची मागू? हात खराब हायत असं म्या म्हणलंच न्हाई. बघूच दिले न्हाईत."

मी त्याच दुपारी पत्रक लिहून काढलं. जंतूंना अध्यक्षपद कळत नाही, अशी सुरुवात होती. आजही मला ते वाक्य खरं वाटतं. बाईंनी कागद माझ्या हातातून घेऊन घडी घातली. "तुझं वाचून माणसं पेटतील. पेटली की इथं जमतील. मला ह्ये दार मोकळं पायजे."

त्यांनी ट्रस्टकडे एकच मागणी केली. खोक्यातलं बाळ घरी जाईपर्यंत दार आपल्याकडे राहील, त्यानंतर एक दिवसही थांबणार नाही. ती मान्य झाली. कदाचित बाळ फार दिवस काढेल असं कुणाला वाटत नव्हतं.

सुनेला घरी सोडायच्या आदल्या दुपारी आक्कासाहेब एकट्या आल्या. वॉर्डात सामसूम होती. त्या नळापाशी थांबल्या, बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या आणि सुतळीला बांधलेला तो साबण हातात घेतला. सावकाश, कोपरापर्यंत हात धुतले. मग दारापाशी येऊन त्यांनी दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे, मग नखं. कुणाला सांगावं लागलं नाही.

मला वाटलं, आता बाई भारावून बाजूला होणार.

बाईंनी हात निरखून पाहिले. "नखात हळद हाय," त्या म्हणाल्या. "पुन्यांदा."

आक्कासाहेब पुन्हा नळावर गेल्या.

दुसऱ्यांदा मात्र बाईंनी दार उघडून धरलं, आणि नातवाला स्वतः उचलून त्यांच्या हातात दिलं. आक्कासाहेबांनी अध्यक्षांकडे शब्द टाकला की नाही, मला ठाऊक नाही. निर्णय बदलला नाही, एवढं खरं. मोठ्या घरात एकदा तोंडातून गेलेला हुकूम परत घेण्याची पद्धत नसते. या गोष्टीचा राग मी अजून सोडलेला नाही.

खोक्यातलं बाळ जगलं. उन्हाळा सरत आला तेव्हा ते खोक्याबाहेर आलं, आईला ओढून प्यायला लागलं, अंगावर मांस धरलं. ज्या दिवशी माणची पोर घरी निघाली, त्याच दिवशी बाईही निघाल्या. दोघी माणातल्या दहिवडीच्या गाडीत एकाच बाकावर बसल्या. मी निरोपाला स्टँडवर गेले होते. गाडी सुटायला वेळ होता. त्या पोरीनं बाळ बाईंपुढे धरलं, "घ्या की शिष्टरबाई, दवाखान्यात कवा मनासारखं घेतलंच न्हाई तुमी."

बाईंनी आपले हात बघितले. पिशवी उचलून आणलेले, गाडीचा दांडा धरलेले हात. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जरा पाणी आण गं."

मी हॉटेलातून तांब्या आणला. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी ते धुतले, पदराला न पुसता वाऱ्यावर वाळवले आणि मग बाळ घेतलं. गाडी सुटली तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

पुढे त्या एका छोट्या गावी आरोग्य केंद्रात लागल्याचं कळलं, मग पुष्कळ दिवस काही नाही, मग त्या गेल्याचंच कळलं. दहिवडीकडच्या एका पेशंटनं केसपेपर काढता काढता सांगितलं.

दशक संपत आलं होतं तेव्हा गावातच एका ओळखीच्या घरी पाचवीला गेले होते. पत्रकं लिहिणारी मी पाचवीला कशी, असं तुम्ही विचाराल. बाळंतीण माझी मैत्रीण होती. पाटा मांडलेला, शेजारी खारीक, खोबरं, कणकेचे दिवे, कोरा कागद, लेखणी. आणि लेखणीच्या शेजारी एक नवा कोरा लाल साबण. त्याला आरपार भोक पाडून सुतळी ओवलेली, वर हळदकुंकू वाहिलेलं.

मी मैत्रिणीच्या सासूला विचारलं, हे काय ठेवलंय?

"साबण," त्या म्हणाल्या. "पाचवीला लागतोयच की."

कधीपासून?

"पहिल्यापासनंच. आक्कासाहेबांच्या घरी मांडत्यात, तसं आमी मांडतो. पूजा झाली की नळाला बांधायचा. बारशापातूर कुणी हात धुतल्याबिगर बाळाला शिवायचं न्हाई. सटवाईला चालत न्हाई." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या, "तुमी आत्ता बाहेरनंच आलाय न्हवं? हात बघू."

मी हात पुढे केले. आधी तळवे, मग नखं. बोटांना छापखान्याची शाई होती.

मी नळावर गेले.